सराफ्यातला अर्ज

रात्रीचे सव्वाबारा.
सराफ्यात सोन्याच्या शेवटच्या दुकानाचं शटर पडलं,
आणि त्याच्याच पायरीवर
भुट्ट्याच्या किसाची कढई चढली.
यामिनी पागनीस समोर उभी,
एका हातात गराडूचा द्रोण,
दुसऱ्यात घडी घातलेला अर्ज.
"कप्तान, आधी खाऊन घ्या.
उपाशीपोटी तुम्ही नाहीच म्हणता."

अर्ज चार ओळींचा.
दोनशे बारा माणसं झोपणार, अकरा वर्षं,
दोन ताऱ्यांमधल्या अंधारात.
मला झोपवू नये.
तिसऱ्या पंपाचा आवाज मला बरोबर वाटत नाही.

वाटत नाही!
शंभरात शंभर चाचण्यांत पास झालेला पंप,
आणि ही पोरगी त्याला कान लावून सांगते,
खोकला दाबून बसलाय तो.

मी जीरावन भुरभुरलं. जास्तच पडलं.

आत्ता तू एकतीसची.
पोहोचशील तेव्हा बेचाळीस, आणि आम्ही सगळे
जसेच्या तसे,
गालावर उशीची वळी घेऊन उठलेले.
काय बोलायचं आम्ही तुझ्याशी?
तुला ताप आला तर?
आणि पाचव्या वर्षी एका रात्री,
नुसता कुणाचा तरी आवाज ऐकावा म्हणून,
तू एखाद्याचं झाकण उघडलंस तर?
वेळेआधी उघडलं की माणूस सहसा उठत नाही.

यातलं मी काहीच बोलले नाही.
नियमावलीत याला 'मानसिक जोखीम, श्रेणी दोन' म्हणतात
आणि पुढचं पान उलटतात.

एकदा मी नाही म्हटलं होतं.
नरहर तांबट. त्याला बाहेर जाऊन
जहाजाच्या पाठीवरची एक शिवण बघायची होती,
फक्त बघायची, म्हणाला, हात लावून.
मी सही केली नाही.
शिवण टिकली. आम्ही सुखरूप पोहोचलो.
मी बरोबर ठरले.
त्यानंतर माझ्याकडे
कुणीच काही मागायला आलं नाही.
नऊ वर्षांत ही पहिली.

"इथेच का बसता, भिया?" यामिनीने कढईवाल्याला विचारलं.
तो झारा थांबवायला तयार नव्हता.
"पणजोबांना शेठ म्हणाले, बस पायरीवर, तळत राहा,
उजेड राहील, चोर फिरकणार नाही.
सोनं आत झोपायचं, आम्ही बाहेर जागायचो.
भाडं? भाडं कशाचं घेतात!"

ती माझ्याकडे बघून हसली.
तिच्या बाजूने साक्षीदार मिळाला होता,
तोही इंदूरचा, तोही गरम तेलासमोर.

मी विचारलं, "मग झोपता कधी?"
"भाऊ येतो ना तीन वाजता.
एकट्याच्याने होतं का हे?"

कढईत कीस आटत होता.
हिंगाचा वास थंडीत खाली बसला होता.
जानापावच्या टेकडीमागे आमचं जहाज उभं होतं,
इथून दिसत नव्हतं,
त्याच्या दिव्याने आभाळाची एक कड तेवढी
दुधावरच्या सायीसारखी झालेली.

अर्जावर दोनच चौकोन असतात,
मंजूर, नामंजूर.
मी समासात लिहिलं:
चौथ्या आणि आठव्या वर्षी कप्तानाला उठवावे.
दोन्ही वेळा तीन-तीन महिने.
तेवढे दिवस पागनीस झोपेल, पंप कप्तान ऐकेल.

"डॉक्टर एकदाच उठवू देतात," ती म्हणाली.
"तुमचं वय अठ्ठावन्न."
"ठाऊक आहे."
"आणि पंपातलं तुम्हाला
काही म्हणजे काही कळत नाही."
"तेही ठाऊक आहे. कसा खोकतो तो?"

तिने द्रोण खाली ठेवला.
डोळे मिटले,
आणि भर सराफ्यात, घशाच्या तळातून,
आधी एक अडकलेला श्वास,
मग दोन कोरडे ठोके,
मग बराच वेळ काही नाही.

"परत," मी म्हटलं.

तिने परत केला.
कढईवाल्याने मान वर केली,
झारा ठेवला,
आणि पाण्याचा पेला पुढे धरला.